नानांबद्दल लिहायचं तरी काय?

मागच्या अंकात एका कोपऱ्यात छापलं होतं की नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतले सगळे ज्यांना नाना म्हणायचे ते कंपनी वकील जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होतंय, घरचे स्मरणिका काढतायत, कुणाकडे आठवणी असतील तर पाठवा. एरवी या सदरात सोसायटीचा मेंटेनन्स, वारसनोंद, बँकेचं नॉमिनेशन असले प्रश्न येतात, पण या वेळी ढीगभर पत्रं नानांवरचीच आली, त्यातही आठवणी कमी आणि प्रश्नच जास्त. त्यामुळे बाकीच्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात. घरच्यांच्या इच्छेखातर नानांचं पूर्ण नाव छापत नाहीये, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. मी स्वतः बरीच वर्षं एका कारखान्यात कंपनी सेक्रेटरी होते, नाना मला टेबलाच्या पलीकडून माहीत, त्यामुळे माझं झुकतं माप थोडं धरूनच वाचा.

ताई, नाना माझे सख्खे काका. स्मरणिकेसाठी लेख आलेत भरपूर, पण सगळ्यात तेच ते. हुशार होते, शांत होते, मनमिळाऊ होते, श्रीखंड आवडायचं. माणसानं इतकी वर्षं प्रॅक्टिस केली पण नेमकं काय केलं ते एकालाही सांगता येत नाहीये. काकू म्हणते मला कधी काही बोललेच नाहीत. कोर्टातही फारसे गेले नाहीत म्हणे. मग लिहायचं काय?
– एक पुतणी, गंगापूर रोड

अगं, घरी बोलले नाहीत याचं काकूंनी वाईट वाटून घेऊ नये, ते बोलणारच नव्हते. अशिलानं सांगितलेली गोष्ट वकिलाला त्याच्या परवानगीशिवाय बाहेर बोलता येत नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात ते कलम १३२ झालंय, आणि काम संपलं म्हणून हे बंधन संपत नाही, त्यात तसं स्पष्टच लिहिलंय. आता सगळेच वकील बायकोला काही सांगत नाहीत असं नाही (तुम्हीपण लग्नात, बारशात काय काय ऐकलं असेल) पण नाना त्या बाबतीत कडक. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी फिरताना एखादा उद्योजक समोरून आला तर आधी तो ओळख दाखवेपर्यंत हे ओळख दाखवायचे नाहीत, कारण सोबतच्यानं लगेच विचारायचं, हे तुमच्याकडे कशाला येतात हो.

म्हणून एक कर, पुतण्या-भाच्यांकडून लेख मागवणं थांबव आणि अशिलांकडे जा. ते गुपित अशिलाचं असतं, वकिलाचं नाही, त्यामुळे अशिलानं स्वतःचं सांगायला कुणाची आडकाठी नाही.

आणि कोर्टात गेले नाहीत याला कमीपणा समजू नकोस. कंपनी वकिलाचं काम नीट झालं की प्रकरण कोर्टात जातच नाही. आता न झालेली भांडणं लिहायची कशी, हा तुझा खरा प्रॉब्लेम आहे, आणि त्याला माझ्याकडे एक उपाय आहे. सातपूरच्या कुठल्याही जुन्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये जा, मेमोरँडम आणि आर्टिकल्सची (म्हणजे कंपनीची घटना आणि तिचे अंतर्गत नियम) छापील पुस्तिका असते, मालकाच्या केबिनमधल्या कपाटात धूळ खात पडलेली, ती माग आणि मेमोरँडमचं शेवटचं पान उघड. तिथे तक्ता असतो, कंपनी काढणाऱ्यांची नावं, वडलांचं नाव, पत्ता, धंदा, प्रत्येकानं किती शेअर घेतले, आणि कडेच्या रकान्यात साक्षीदार. आमच्या पुस्तिकेत त्या रकान्यात नानांचं नाव होतं, आमच्या शेजारच्या दोन्ही कारखान्यांच्याही. कंपनी काढणाऱ्यांनी आपल्यासमोर सही केली एवढंच ते नाव सांगतं, पण बघ ना, आज ज्या कंपन्यांचे बोर्ड त्र्यंबक रोडनं जाताना दिसतात त्यातल्या कितींच्या जन्माच्या कागदावर हा माणूस आहे. दहा-बारा पुस्तिकांची ती पानं फोटो काढून स्मरणिकेत ओळीनं छाप (मालकांना विचारून), "हुशार होते" हे एकदाही लिहावं लागणार नाही.

ते कागद व्हायचे कसे हेही लिही, कारण आताच्या मुलांना वाटतं कंपनी मोबाइलवर निघते. २००६ साली एमसीए-२१ ही सरकारच्या कंपनी खात्याची संगणक व्यवस्था येऊन ऑनलाइन फायलिंग सुरू झालं, त्याआधी नाशिकच्या कंपनीचा प्रत्येक कागद मुंबईला जायचा, मरीन ड्राइव्हवरच्या एव्हरेस्ट बिल्डिंगमध्ये, कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारच्या ऑफिसात. म्हणजे सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस, व्हीटीला उतरून पुढे टॅक्सी, काउंटरवर रांग, नावाला आक्षेप निघाला की नवीन नाव तिथेच सुचवायचं, एखाद्या शब्दावर क्वेरी निघाली की तिथेच उभ्यानं दुरुस्ती करून बाजूला सही, आणि संध्याकाळी परत तीच गाडी. पंचवटी सुरू झाली १९७५ ला आणि नानांनी प्रॅक्टिस सुरू केली त्याच सुमाराला, त्यामुळे पासधारकांच्या डब्यात त्यांची जागा ठरलेली असायची, कसारा घाटात लोकांचे पत्ते रंगायचे आणि हे आर्टिकल्स वाचत बसायचे. त्या डब्यातली जुनी मंडळी अजून आहेत, त्यांना गाठ.

आणि गाठलंस की "नाना कसे होते" असं विचारू नकोस, लोक लगेच आवाज बदलून बोलायला लागतात. "नानांनी तुम्हाला कशाला नाही म्हटलं होतं" असं विचार. मग बघ.

माझंच सांगते. कंपनीच्या मिनिट्स बुकात मिटिंगचा वृत्तांत चिकटवायचा नाही असं कायद्यातच आहे, १९५६ च्या कायद्यात होतं, २०१३ च्या कायद्याच्या नियमांतही आहे. आमच्याकडे कुणीतरी टाइप केलेलं पान खळ लावून चिकटवलं होतं. नाना वार्षिक सभेच्या आधी बुकं बघायला आलेले, पानं उलटता उलटता थांबले, नखानं त्या पानाचा कोपरा जरासा उचकटला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मॅडम, उद्या हे पान कुणी सोयीनं बदललं तर शपथेवर तुम्ही काय सांगाल?" बस. ओरडले नाहीत. आमच्या एमडींना ते पान "बदलता येईल असं" हवं होतं हे त्यांनी ओळखलं होतं हे मला फार नंतर उमगलं. ते पुस्तक त्या दिवसापासून हातानं लिहिलं जायला लागलं आणि माझं अक्षर सुधारलं, हा त्याचा साइड इफेक्ट.

"कॉर्पोरेट जगतातला दीपस्तंभ" वगैरे हेडिंग मात्र देऊ नकोस हां, हात जोडते.

ताई, आमचं अंबडला पावडर कोटिंगचं युनिट होतं. मी कागदोपत्री डायरेक्टर, प्रत्यक्षात घर आणि मुलं. नव्वदच्या दशकात मोठं कर्ज काढायचं ठरलं, बँकेचे कागद आले, सही करायची तिथे पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. नानांकडे नुसतं नजरेखालून घालायला नेले तर त्यांनी यांना सांगितलं, तुम्ही जरा बाहेर चहा घ्या, आणि मला समोर बसवून एकेक पान मराठीत समजावलं. म्हणाले, "वहिनी, पहिल्या तीन सह्या कंपनीच्या. ही चौथी तुमच्या घराची." घर माझ्या नावावर, माझ्या वडलांनी दिलेलं. मी चौथी सही केली नाही. हे महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी, बँकेनं लिमिट कमी दिलं. पुढे युनिट बंद पडलं, मशीनं गेली, घर राहिलं. स्मृतिसभेत हे बोलू का? हे म्हणतात घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस.
– इंदिरानगर

वहिनी, बोलाच. सभेत दुसरं कुणी काही नाही बोललं तरी चालेल.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते कारण हे अजूनही रोज घडतंय. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन माणसं लागतात, दोन भागधारक आणि दोन डायरेक्टर, त्यामुळे आपल्याकडे साहजिकच नवरा आणि बायको. लिमिटेड म्हणजे कंपनी बुडाली तर आपण शेअरचे घातले तेवढेच जातात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बँक कर्ज देताना डायरेक्टरांची वैयक्तिक हमी घेते, आणि कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते, म्हणजे बँकेला आधी कंपनीकडून वसूल करून मग तुमच्याकडे यायचं बंधन नाही, सरळ तुमच्या दारात येता येतं. म्हणजे कंपनी काढून जी भिंत बांधली तिलाच त्या चौथ्या सहीनं दार पडतं. आणि ती सही बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कणकेचा हात धुऊन, "इथे, इथे आणि इथे" अशी होते.

नाना खरं तर कंपनीचे वकील, फी तुमच्या मिस्टरांकडून घेणार होते, आणि तरी त्यांनाच बाहेर चहाला पाठवलं. मला तर हीच त्यांची सगळ्यात मोठी केस वाटते. मिस्टरांना आधी सांगा मात्र, सभेत अचानक नको, आणि युनिटचं बंद पडणं दोन वाक्यांत उरका, त्यात त्यांची काही चूक नव्हती हेही बोला. बँकेचं नाव घ्यायची गरज नाही.

ताई, सिन्नरला आमची दोघा भावांची कंपनी होती. २००० नंतर वाद विकोपाला गेला. नानांनी तोडगा काढला आणि आम्ही वेगळे झालो, आज दोघांचंही बरं चाललंय पण येणं-जाणं नाही. स्मरणिकेत लिहायचंय पण भावाला वाईट वाटेल.
– एक उद्योजक, सिन्नर

मग भावाला फोन करा. विचारल्याशिवाय लिहू नका, कारण नाना तुम्हा दोघांचे वकील होते आणि ती गोष्ट दोघांची आहे.

तोडगा कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत पण माझा अंदाज आहे, कारण नानांच्या आर्टिकल्समध्ये ते कलम हमखास असायचं. प्रायव्हेट कंपनीत शेअर बाहेरच्याला विकण्यावर बंधन घालावंच लागतं, आधी घरातल्याला विचारायचं, पण किंमत काय धरायची यावरच सगळी घरं फुटतात. नानांची युक्ती साधी, किंमत एकानं सांगायची आणि त्या किमतीला विकत घ्यायचं की विकून मोकळं व्हायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं. भाकरी एकानं मोडायची आणि तुकडा दुसऱ्यानं आधी उचलायचा, म्हणजे मोडणारा बरोबर मधोमध मोडतो. हे नसतं तर तुमचं प्रकरण जुन्या कायद्याच्या ३९७-३९८ खाली, म्हणजे भागधारकांवरचा अन्याय आणि गैरकारभार म्हणून, कंपनी लॉ बोर्डात गेलं असतं (आता २४१-२४२ खाली एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातं), तारखांवर तारखा, तेवढ्यात बँक खातं गोठवणार, माल अडकणार, आणि शेवटी दोघं मिळून विकायला काढावं असं काही उरत नाही. मी असे कारखाने बघितलेत, गेटला गंजलेलं कुलूप आणि आत गाजरगवत.

भाऊ हो म्हणाला तर दोघांच्या नावानं एकच लेख द्या. नाही म्हणाला तर देऊ नका, नानांना तेही पटलं असतं.

एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. कंपनी वकील म्हणजे शेवटी मालकांचाच माणूस ना? आमचा कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांना काय मिळालं ते मला माहीत आहे.
– एक निवृत्त कामगार, श्रमिकनगर, सातपूर

दादा, बरोबर आहे तुमचं. नाना मालकांचेच वकील होते आणि स्मरणिकेत कुणी त्यांना कामगारांचा कैवारी वगैरे केलं तर ती थाप होईल, पुतणीनं हे लक्षात ठेवावं.

पण मालकाला काय सल्ला मिळतो यावर तुमच्या ताटात काय पडतं ते ठरतं, म्हणून एवढं सांगते. कंपनी गुंडाळताना कामगारांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं १९८२ साली सांगितलं, आणि १९८५ मध्ये कायद्यात ५२९-अ कलम घालून कामगारांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीला आणली, त्याआधी बँक आधी उचलायची आणि कामगार मागे रांगेत. आताच्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात ही बरोबरी २४ महिन्यांच्या देण्यापुरती आहे. आता बरोबरीनं मिळायचं म्हटलं तरी आधी कंपनीच्या वहीत ते देणं खरं दिसायला हवं, आणि इथे वकील कामाला येतो किंवा येत नाही. पगारातून कापून घेतलेला पण न भरलेला पीएफ यावर नाना फार कडक होते, तो पैसा कायद्यानं मालकाकडे विश्वासानं ठेवलेला धरतात, न भरणं म्हणजे फौजदारी विश्वासघात. आमच्या कारखान्यात एका तंगीच्या वर्षी एमडी म्हणाले, दोन महिने पीएफ थांबवू, तेव्हा नाना म्हणाले, "माझी फी थांबवा, ती तुमची आहे. पीएफ तुमचा नाही." आणि खरंच वर्षभर फी घेतली नाही, अर्थात नंतर बिल पाठवलं, व्याज सोडून. संत नव्हते ते.

शेवटच्या काही वर्षांत मात्र ते दिंडोरी-निफाडकडे फार रमले होते. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या, ज्यासाठी २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात वेगळा भागच आला, दहा शेतकरी मिळून कंपनी काढू शकतात, आणि सगळे सभासद शेतकरीच असले की शेअर कुणाचे कितीही असोत मत प्रत्येकाला एकच. दिंडोरीतल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स आज सगळ्या देशाला माहीत आहे, पण तसं करून बघावं म्हणून धडपडणारे लहान गट आपल्याकडे खूप, त्यातल्या काहींचे कागद नानांनी केले. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये क्रेटवर बसून एक मत म्हणजे काय ते समजावताना मी त्यांना बघितलंय, समोर एक मोठा बागायतदार तोंड वाकडं करून बसलेला, कारण त्याचेच शेअर सगळ्यात जास्त.

तुमच्या कारखान्याचं जे झालं तेही स्मरणिकेसाठी लिहून पाठवा, मी पुतणीला सांगते छापायला. त्यांनी नाही छापलं तर मी इथे छापेन.

मॅडम, मी नानांचा शेवटचा ज्युनियर. ऑफिस रिकामं करायचंय, चार कपाटं फायली आहेत, घरचे म्हणतात आठवण म्हणून दोन ठेवू, बाकी रद्दीत. काय करू?
– शरणपूर रोड

अरे बाबा, थांब! एकही फाइल रद्दीत घालू नकोस आणि आठवण म्हणूनही ठेवू नकोस. अशिलाचे कागद अशिलाचे असतात, फी थकली म्हणूनसुद्धा वकिलाला ते अडवून ठेवता येत नाहीत असं सुप्रीम कोर्टानं २००० साली सांगून ठेवलंय, मग घरच्यांचा तर प्रश्नच नाही. प्रत्येकाला पत्र टाक, कागद परत कर, पोच घे. मूळ शेअर सर्टिफिकेटं, स्टॅम्पवरचे करार, तारीख न घालता सह्या करून ठेवलेले राजीनामे (असतील, प्रत्येक ऑफिसात असतात) हे आधी वेगळे काढ, ते टपालानं नको, हातात दे. ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्या फायली वेगळ्या बांधून ठेव आणि बार असोसिएशनमधल्या एखाद्या ज्येष्ठ वकिलाला विचारून पुढचं ठरव.

दुसरं, टेबलाच्या उजव्या ड्रॉवरमध्ये डिजिटल सहीचे डोंगल असतील, चिकटपट्टीवर डायरेक्टरांची नावं लिहिलेले, ते ज्याचे त्याला दे. आणि नानांच्या स्वतःच्या सहीचं डोंगल कुणी "एवढा एक फॉर्म जाऊ दे" म्हणून वापरायचं नाही, माणूस गेला की ती सही संपली.

घरच्यांना आठवण हवी असेल तर कंपन्यांचे जुने सील बघ, ते बिडाचे जड प्रेस, कागद घालून दांडा दाबला की नाव उमटायचं. २०१५ पासून कॉमन सीलची सक्ती गेली त्यामुळे बहुतेकांना ते परत नको असतात, पण विचार, हो म्हणाले तरच ठेव.

ताई, नानांच्या नावानं ट्रस्ट काढावा की कलम ८ ची (ना-नफा) कंपनी? लॉ कॉलेजच्या मुलांना दर वर्षी बक्षीस द्यायचं मनात आहे.
– नानांचे मित्रमंडळ, कॉलेज रोड

दोन्ही नको. ट्रस्ट काढला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर वर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, आणि पाच वर्षांनी विश्वस्तांतच भांडण. कलम ८ ची कंपनी म्हणजे तर बक्षिसापेक्षा फायलिंगला जास्त खर्च. एकरकमी ठेव सरळ कॉलेजला द्या, व्याजातून बक्षीस, अटी एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. नाना ज्या एनबीटी लॉ कॉलेजात शिकले तिथेच विचारा.

आणि बक्षीस कंपनी लॉच्या पेपराला ठेवू नका, तिथे पाठांतर करणारे पहिले येतात. ड्राफ्टिंगला ठेवा, तो विषय एलएलबीला सगळ्यांना असतोच. परीक्षकांना एक अट घालून द्या, दोन मुलांचे करार सारखेच बिनचूक असतील तर ज्याचा पानांनी कमी त्याला बक्षीस.